मिस लॉर्नाच्या दारामागचा कोट

मित्रांनो, माझी कोपरं बघा म्हणजे वय विचारायची गरज पडणार नाही. मी कोट आहे. रंगाने निळा, म्हणजे एकेकाळी निळा. आता मला राखाडी म्हणालात तरी मी भांडणार नाही. एका वकीलबाईंच्या ऑफिसात दारामागे खुंटीवर टांगलेला असतो. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे कोर्ट. माझी सगळी नोकरी तो रस्ता ओलांडण्यात गेली.

ओहायोच्या टेकड्यांतल्या या गावात मी आलो तो ऑर्व्हिलसाहेबांच्या अंगावर. ऑर्व्हिलसाहेब गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचे. तोंड चालायचं घोड्यासारखं, बोलताना आणि खातानाही. पीचचा पाय, म्हणजे पीच भरून भाजलेला गोड पदार्थ, समोर आला की त्यांचा संयम सुटायचा, आणि पाठोपाठ माझी बटणं. शेवटी एका रविवारी चर्चमध्ये मधलं बटण तुटून पुढच्या बाकावरच्या म्हातारीच्या टोपीत जाऊन पडलं. त्या रात्री त्यांच्या बायकोने, म्हणजे वकीलबाई लॉर्ना स्टबलफील्ड यांनी (लग्न झालं तरी गाव त्यांना मिस लॉर्नाच म्हणतं), मला उचललं आणि ऑफिसात आणून टांगलं.

आठवड्याच्या आत त्यांचा एक अशील चिखलाने भरलेल्या शर्टात कोर्टाला निघाला. मिस लॉर्ना म्हणाल्या, "अरे, जजसमोर चाललायस की डुकरांसमोर? हा घाल." तिथून माझं नशीब फिरलं. कोंबडी चोरणारे, दारू पिऊन दुसऱ्याच्याच अंगणात झोपणारे, शेजाऱ्याला कुदळ दाखवणारे, सगळे माझ्यात शिरून गेले. उंच माणसाला मी आखूड झालो, बारक्याला तंबू झालो. डाव्या बाहीचं अस्तर फाटलंय, त्यात हात अडकतो. जजसमोर उभा राहून बाहीत हात शोधणारा माणूस आपोआप गरीब दिसतो, हे माझं खास कसब! ते मला कुणी शिकवलेलं नाही.

गावात मला सगळे ओळखायला लागले. जज हॅझलेटसुद्धा. मी दारातून आत आलो की मागोमाग मिस लॉर्ना आल्याच, हे ठरलेलं.

आणि इथेच वेंडल क्रॅब्ट्रीने घोळ घातला.

वेंडल म्हणजे शाळेची पिवळी बस चालवणारा. गावातली निम्मी पोरं त्याच्या बसमधून मोठी झाली. स्वभावाने वाह्यात, पण चांगल्या अर्थाने. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी त्याला लहर आली. शेजारी मर्ल हॉकेटने जत्रेतल्या बक्षिसासाठी वाढवलेला भोपळा, वासराएवढा, तो जत्रेच्या मंडपातून उचलायचा आणि मर्लच्याच पोर्चवर, टोपी घालून, खुर्चीत बसवायचा. दोन मित्रांच्या मदतीने भोपळा ट्रकमध्ये चढला. उतारावर मागची फळी उघडली, भोपळा निघाला एकटाच फिरायला, आणि थेट शेरिफच्या उभ्या गाडीच्या काचेत. मित्र पळाले. वेंडल हसत तिथेच उभा राहिला. कुणीच हसलं नाही तेव्हा थांबला.

मित्रांनो, थट्टा आणि चोरी यांच्यात फरक एवढाच, की थट्टेत दुसराही हसतो. मर्ल हसला नाही. अख्खा उन्हाळा त्याने त्या भोपळ्याला पोराबाळासारखं जपलं होतं. त्याने तक्रार दिली. वेंडलवर चोरीचा आणि नुकसानीचा खटला लागला.

आता रस्त्यापलीकडे मिस लॉर्ना असताना हा बाबा कुणाकडे जावा? हायवेवरच्या जाहिरातीच्या पाटीकडे! पाटीवर शहरातले वकील ट्रेंट ओव्हरबी हाताची घडी घालून उभे. का गेला? लाज. मिस लॉर्ना त्याच्या आईच्या मैत्रीण. त्यांना कळलं की आईला कळणार. परका वकील बरा, काम करेल आणि निघून जाईल, असा त्याचा हिशोब. ओव्हरबीसाहेबांनी फोनवरच सांगितलं, "गुन्हा कबूल करून टाका, थोडा दंड भरा, दुपारी घरी." वेंडलला ते पीचच्या पायसारखं गोड लागलं.

फक्त एक अडचण. त्याच्याकडे कोट नव्हता.

तारखेच्या सकाळी तो मिस लॉर्नांच्या दारात उभा. टोपी हातात.

"मिस लॉर्ना, तो कोट… मिळेल का जरा?"

"मिळेल की. पण वेंडल, माझ्याकडे तुझी केस नाही."

"वकील केलाय मी. शहरातला."

मिस लॉर्नांनी चष्मा पुसला. नको इतका वेळ पुसला. मग मला खुंटीवरून काढलं. "ने. डाव्या बाहीला सांभाळ. संध्याकाळी परत आण."

असे आम्ही रस्ता ओलांडला. ओव्हरबीसाहेब कोर्टात भेटले, पाटीवर दिसतात त्यापेक्षा बुटके. त्यांनी हात मिळवला, कागदांवर नजर टाकली, म्हणाले, "विचारतील तिथे हो म्हणायचं."

जज हॅझलेट वरून बघत होते.

"गुन्हा कबूल करताय?"

"हो साहेब."

"कुणी दमदाटी केलेली नाही? समजून-उमजून?"

"हो साहेब."

जजसाहेबांनी पेन उचललं, आणि माझ्याकडे पाहिलं. वेंडलकडे नाही, माझ्याकडे. पेन खाली ठेवलं.

"मिस लॉर्ना कुठे आहे?"

"ऑफिसात असतील, साहेब."

"मग तुमचा वकील कोण?"

"मी, जजसाहेब," ओव्हरबी पुढे झाले.

"आणि हा कोट?"

वेंडलने माझी बटणं चाचपली. "उसना आहे, साहेब. कोट मिस लॉर्नांचा, वकील हायवेवरचा."

अख्खं कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसला. जजसाहेब मात्र हसले नाहीत.

"त्या कोटातल्या माणसाला मी एक गोष्ट विचारायची सोडून देतो, कारण मिस लॉर्नाने ती आधीच विचारलेली असते. तुम्हाला विचारतो. पोटापाण्याला काय करता?"

"बस चालवतो, साहेब. शाळेची."

ओव्हरबीसाहेबांची मान गर्रकन वळली.

"मी अजून काहीही लिहून घेतलेलं नाही," जजसाहेब म्हणाले. "दोघं बाहेर जा. बोला. मग या."

बाहेरच्या व्हरांड्यात जे झालं ते ऐकण्यासारखं होतं.

"बस? ड्रायव्हर म्हणालास तू! मला वाटलं ट्रक!"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"अरे, शाळेच्या बसवाल्याच्या नावावर चोरी लागली तर त्याला परत पोरांच्या जवळ उभं करतील का?"

"पण तुम्ही म्हणालात, दुपारी घरी!"

"जाशील ना घरी. कायमचाच जाशील."

वेंडल भिंतीला टेकला. घामाने माझी पाठ ओली झाली. त्याला दुसरं काही येत नव्हतं हो. पहाटे बस गरम करायची, पोरांची नावं घेत दार उघडायचं, एवढंच त्याचं आयुष्य.

ओव्हरबी माणूस वाईट नव्हता. त्याने टाय सैल केला आणि खरं बोलला. "हे बघ, इथल्या सरकारी वकिलाला मी आज पहिल्यांदा पाहतोय. त्यांच्याशी काय बोलायचं, कसं बोलायचं, मला माहीत नाही. तुझ्या त्या कोटवाल्या बाईंना बोलाव."

मिस लॉर्ना आल्या. आधी माझी कॉलर सरळ केली, मग वेंडलकडे वळल्या. "मर्लला भेटलास?"

"नाही."

"वकील शोधायच्या आधी त्याचं दार वाजवायचं होतंस, गाढवा."

त्या आणि ओव्हरबी मिळून आत गेले, तारीख पुढे मागून घेतली. संध्याकाळी वेंडल मला घालूनच मर्लच्या पोर्चवर गेला. त्याने माफी मागितली. मर्ल म्हणाला, "तुला जेलात बघून माझा भोपळा जोडला जाणार आहे का? बिया वाळत घातल्यात मी. पुढच्या उन्हाळ्यात पाणी घालायला तू यायचंस. रोज."

मर्लची हरकत नाही म्हटल्यावर मिस लॉर्नांना सरकारी वकिलाशी बोलता आलं. ठरलं असं, की खटला वर्षभर बाजूला राहील. वेंडलने शेरिफच्या गाडीची काच भरून द्यायची, जत्रेचं मैदान झाडायचं, वर्षभर सरळ वागायचं. नीट पार पडलं तर खटला काढून टाकणार. मध्ये चुकला तर पुन्हा त्याच जजसमोर. शाळेनेही तोवर त्याला बसला हात लावू दिला, पण फक्त धुवायला.

त्याने बसगाड्या धुतल्या. भोपळ्याला पाणी घातलं. कुरकुर केली, पण केलं.

वर्षाने खटला काढून टाकला तेव्हा वेंडल कोर्टाच्या व्हरांड्यात मिस लॉर्नांना उचलायलाच निघाला. "सुटलो! निर्दोष!"

"खाली ठेव मला. निर्दोष कोण म्हणालं तुला? निर्दोष ठरणं वेगळं, खटला काढून टाकणं वेगळं. आणि काढून टाकला म्हणजे पुसला नाही. कुणी कोर्टाच्या नोंदी शोधल्या तर तुझं नाव अजून दिसतंय. ते झाकायला वेगळा अर्ज. बस खाली, सही कर."

"अजून एक अर्ज?"

"बस चालवायचीय ना?"

त्याने सही केली. अर्ज मंजूर झाला आणि पानगळीत एका सोमवारी पिवळी बस कोर्टासमोरून गेली. कोर्टापुढे हॉर्न वाजवायला बंदी आहे. वेंडलने वाजवला. आतल्या पोरांनी तो पुरेसा नाही म्हणून आरडाओरडा केला.

मित्रांनो, मी कापड आहे. अंगावर घातलं तर कुणालाही तासभर सभ्य दाखवतो, त्यापुढे माझं काही चालत नाही. कधी अडचणीत सापडलात, तर तुमच्या गल्लीतल्या माणसाची लाज धरून लांबच्या पाटीमागे धावू नका. लाज चार दिवसांत विरते. आणि कुणी "हो म्हण" म्हणालं, तर आधी विचारा, हो म्हटल्यावर उद्या माझं काय होईल? समोरच्याला उत्तर येईपर्यंत तोंड उघडू नका.

आणि कोट लागला तर खुशाल न्या. फक्त परत करताना खिशात चिकटवलेलं च्युइंगम काढा. आज सकाळीच माझा हात, म्हणजे कुणाचा तरी हात, त्यात अडकला होता.