मे महिन्यातलं ऊन

चन्नवीर जर्मनीला गेला तेव्हा गिरिजा सात वर्षांची होती. "पुढच्या मे महिन्यात येतो आणि तुला पोहायला शिकवतो," असं लेकीला सांगून तो गेला, त्याला चार वर्षं झाली. उन्हावर पाणी तापवायच्या यंत्रांवर त्याचं संशोधन, आणि तिकडं भरवशाचं ऊन पडतं ते मे महिन्यापासून. नेमकी तेव्हाच इकडं शाळांना सुट्टी, आणि उचगावच्या विहिरीत पोरांची झुंबड. तो यायचा डिसेंबरात. तेव्हा पाणी गारठलेलं असायचं.

अखेर एकोणीसशे एक्याऐंशीत त्यानं साहेबांशी भांडून मे महिन्यातले बारा दिवस मिळवले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच लेकीला घेऊन तो विहिरीवर गेला. तेलाचा, तोंड झाळून बंद केलेला रिकामा डबा तिच्या पाठीला बांधला आणि पाण्यात उतरून तिच्या पोटाखाली हात धरला.

"भिऊ नको. मी हाय."

"सोडू नका हं, अप्पा!"

नवशिकं मूल पाण्यात मान ताठ करतं, मुठी आवळतं. गिरिजाचं तसं काही होत नव्हतं. पोरगी धीट आहे, असं त्याला वाटलं. त्यानं हात जरा सैल केला, तशी ती गटांगळी खाऊन ओरडली.

वर पंपाची मोटर खोलून बसलेला दस्तगीर मिस्त्री कठड्यावरून वाकला.

"ए गिरिजे! काल हितनं सूर मारलास, आन् आज डबा बांधून गटांगळ्या? येडी झालीस व्हय?"

"गप बसा की, चाचा!"

चन्नवीरनं डब्याची गाठ सोडली.

"कुणी शिकवलं?"

"चाचानं. दोन उन्हाळे झाले."

"मग मला कळवलं का न्हाईस?"

"तुम्ही दर पत्रात लिहायचा की, मीच शिकवणार म्हणून."

तो पायरीवर बसला. दोन उन्हाळे तिनं हे पत्रातून लपवलं होतं, त्याच्यासाठी. त्याला तिच्याकडं बघवेना.

गिरिजाच म्हणाली, "अप्पा, तळाशी टाकलेली वीट बुडी मारून वर काढायला शिकवा. ते मला खरंच येत न्हाय."

"त्याला दम वाढवावा लागतो, बाळ. महिना तरी जातो."

"मग पुढच्या मे महिन्यात?"

'हो' त्याच्या ओठांवर आलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याची नवी यंत्रं पहिल्यांदा उन्हात उभी राहायची होती. त्यातला एक दिवसही त्याला सोडता येणार नव्हता, आणि खरं सांगायचं तर सोडावासाही वाटत नव्हता.

"मे महिन्यात मी तिकडंच असणार, गिरिजा."

तिनं तोंडावरचं पाणी पुसलं. रडली नाही. पाण्यात पाय हलवत राहिली.

"मग चाचाला विचारू?"

"विचार."

"चाचा, खाली येता का? वीट काढायला शिकायचंय!"

दस्तगीरनं पाना खाली ठेवला आणि सदरा उतरवला. पायऱ्या अरुंद होत्या. त्याला उतरायला वाट मिळावी म्हणून चन्नवीर भिंतीकडं सरकला.