धावपट्टीच्या खणातली लाल पट्टी

मित्रांनो, विमानतळाच्या टॉवरमधली वीतभर लांबीची लाल प्लास्टिकची पट्टी, तीच मी. एका कोपऱ्याचा टवका उडालाय. दिसायला यथातथाच, पण माझं काम ऐकलंत तर नाक मुरडणार नाही.

टॉवरमधल्या टेबलावर एक खण धावपट्टीचा असतो. धावपट्टीवर गाडी जाणार असेल, तर आधी मला त्या खणात ठेवायचं आणि मगच गाडीला परवानगी द्यायची. मी तिथे असेपर्यंत एकही विमान उतरवायचं नाही. वीस वर्षं हेच केलं. कौतुक कुणी केलं नाही. विमानांना सूचना देणारी कंट्रोलरताई तेवढी रोज मला रुमालाने पुसायची.

त्या दुपारी तिने मला खणात ठेवलं आणि तपासणीची जीप धावपट्टीवर सोडली. जीप मध्येच बंद पडली. समोरून विमान उतरत होतं. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि वैमानिकाला शांतपणे सांगितलं, "उतरू नका. वर घ्या, फेरी मारून या." बारा मिनिटांनी विमान सुखरूप उतरलं. आमच्याकडे असं अधूनमधून होतच असतं.

पण विमानातल्या कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं. संध्याकाळी शेजारच्या खोलीतला टीव्ही ओरडू लागला, "दीडशे जीव टांगणीला! टॉवरमधली बाई झोपली होती का?" माझा नुसता तिळपापड झाला. पण प्लास्टिकला कोण विचारतो!

चौकशी होईपर्यंत ताईला घरी बसवलं. आठवड्याने ती निर्दोष ठरली. ही बातमी मात्र एकाही वाहिनीवर लागली नाही.

"उद्यापासून ये ड्युटीवर," टॉवरचे साहेब तिला बोलावून म्हणाले.

ताईने मान खाली घातली. "नको सर. बाबा म्हणतात, टीव्हीवर दाखवतात म्हणजे काहीतरी असणारच. घरच्यांचाच विश्वास नाही, तर माईक कोणत्या तोंडाने हातात घेऊ?"

साहेब भला माणूस. त्यांनी बाबांनाच टॉवरवर बोलावलं. ते धापा टाकत जिने चढून आले. साहेबांनी मला त्यांच्या हातात दिलं आणि माझं काम समजावून सांगितलं.

"जीप जायच्या आधी हिने ही ठेवली होती?"

"आधीच. म्हणून तर विमान वर पाठवलं."

बाबा मला कितीतरी वेळ उलटसुलट करत राहिले. मग लेकीला म्हणाले, "आठ दिवस मी टीव्हीचं ऐकत बसलो गं. तुला एकदाही विचारलं नाही."

ताईला रडू फुटलं. मग तिने डोळे पुसले, मला जागेवर ठेवलं आणि हेडफोन कानाला लावले.

आता माझं काम संगणक करतो. मी खिडकीत पडून असते आणि वाईट वाटतंच. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, मित्रांनो. पण कुणाबद्दल असं काही ऐकलंत, तर पुढे पाठवण्याआधी त्याच्याजवळ जाऊन विचारा, "नक्की काय झालं?" ताई आठ दिवस याच प्रश्नाची वाट पाहत होती.