हमीपत्रावरची सही

धाकटा भाऊ जाऊन महिना झाला नाही तोच इस्पितळाचं पत्र आलं. त्याच्या बायकोला नाही, मला! बिलातले उरलेले पैसे जामीनदार म्हणून मी भरायचे. पंचवीस वर्षं लाँड्रीत उभ्याने इस्त्री करून माझ्या गुडघ्यांची पार वाट लागलीय. एका गुडघ्याच्या ऑपरेशनपुरते पैसे कसेबसे साठवले होते, आणि मागितलेला आकडाही जवळपास तेवढाच. माझं पासबुक कुणी बघून गेलं होतं की काय, देव जाणे.

अर्धी रजा टाकली आणि भावजयीला घेऊन गेले. बिलाच्या खिडकीतला कारकून चष्मा कपाळावर ठेवून टेबलभर चष्माच शोधत होता. "वर आहे," मी म्हटलं. त्याला त्याचंही काही वाटलं नाही.

"गेलेल्या माणसाने मागे काही ठेवलं असेल तर आम्ही त्यातून घेतो," तो म्हणाला. "नसेल तर बायकोच्या मागे लागत नाही. पण हमीपत्रावर ज्याची सही, त्याची सुटका नाही."

"ठेवलंय ना! दोन पँटी आणि एक बंद स्कूटर. घेऊन जा."

त्याने हमीपत्र पुढे सरकवलं. खाली माझी सही. मी नीट पाहिलं. अहो, मी ही केलीच नव्हती! तारीख धाकटा दाखल झाला त्या रविवारची. मी इस्पितळात पोचले तेव्हा तो कॉटवर पडून म्हणाला होता, "कागदांचं सगळं झालंय ताई, तू बस जरा."

"मेल्या!" तोंडातून निघून गेलं आणि मग मीच जीभ चावली.

शिकवली मीच होती. आईबाबा गेल्यावर त्याच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून मी सही करायचे. लाँड्रीला लागल्यावर घरी यायला उशीर व्हायचा, आणि हा ऐन शाळेला निघताना पुस्तक नाचवायचा. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी पावत्यांच्या पाठीवर माझी सही त्याच्याकडून पन्नास वेळा गिरवून घेतली. म्हटलं, कटकट मिटली. केवढी शहाणी मी!

भावजयीने कोपर मारलं. "वन्सं, तुमची नाहीये ना? मग सांगून टाका सरळ. आता त्यांचं काय बिघडणार आहे?"

खरंच होतं. पण उभ्या जन्मात त्याला मी कशाला नाही म्हटलं नव्हतं. गुडघा मात्र ठणकत होता. मी गुडघ्याचं ऐकलं.

"ही सही माझी नाही."

कारकुनाने कोरा कागद दिला. "तसं लिहून द्या. खाली सही करा."

लिहिलं, सही केली. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा नाकावर घेतला, बराच वेळ पाहिलं आणि ते माझ्याकडे फिरवले. शेवटच्या अक्षराची लांब शेपटी, खालची तिरकी रेघ, तिच्याखालची दोन टिंबं. सगळं तस्सं!

"बाई," तो दमून म्हणाला, "रोज कुणी ना कुणी असं लिहून देतं हो. सही झाली त्या वेळी तुम्ही दुसरीकडे होतात याला साक्षीदार आहे कुणी?"

त्या रविवारी इस्पितळाचा निरोप येईपर्यंत घरी एकटी पडले होते मी. साक्षीला कोण येणार, उशी?

भावजय रडायला लागली. मला मात्र तो गेल्यापासून पहिल्यांदा हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. हस्ताक्षरात पोरगा कायम नापास. एवढं एकच अक्षर धड काढायला शिकला होता, तेही माझ्याकडून.

"हप्ते पाडून द्या," मी म्हटलं. "आणि आधी बसायला खुर्ची द्या. गुडघा दुखतोय."