फुंकर न मिळालेली माणसं

माझ्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर वर जायच्या आत समोरच्या दारापुढची रांग वळण घेऊन औषधाच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेलेली असे. रांगेत काठ्या, गुडघ्यांना बांधलेले पट्टे, कंबर धरून उभी असलेली माणसं. आतून बाहेर येणारा प्रत्येक जण हात-पाय झटकून बघे, नवीन चप्पल घालून दुकानात चालून बघतात तसा. मग रांगेला सांगे, "हलकं वाटतंय बरं का!" रांग हरखून एक पाऊल पुढे सरके.

आत बसत फुंकरबाबा. अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट. गळ्यात नळी मात्र नाही; नळी अडकवली की लोक पदवी विचारतात. दुखऱ्या सांध्याजवळ तोंड न्यायचं, डोळे मिटायचे आणि एक लांबलचक फुंकर घालायची. संपला उपचार.

"ही साधी हवा नव्हे, मावशी," ते समजावत. "हिच्यात कंपनं आहेत. कंपनं पेशींना जागं करतात. विज्ञान आत्ता कुठे इथवर येतंय."

विज्ञान कुठवर आलंय हे रांगेत कुणालाच ठाऊक नसल्यामुळे सगळे माना डोलवत.

बाबांचे नियम दोन. पहिला असा की उतारावरचं दुखणं घेऊन यायचं नाही. "शिगेला पोचू दे, रात्रभर डोळा लागला नाही की सकाळी या. चढत्या दुखण्यालाच फुंकर लागते." दुसरा, दुपारी दार बंद. "शक्ती सरली. उरलेल्यांनी पुन्हा कधी दुखणं शिगेला पोचलं तर यावं." उरलेले कुरकुरत घरी जात.

मी दुकानदार माणूस. जमा दिसली की खर्च कुठे आहे ते बघायची खोड. पण इथे जमाच जमा दिसत होती, कारण लोकांना खरंच बरं वाटत होतं. मी थट्टा करत होतो, पण थट्टेला पुरावा म्हणत नाहीत.

माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, शिवणकाम करते. तिच्या बोटांच्या सांध्यांना संधिवाताची सूज. दुखणं कधी चढे, कधी उतरे. इस्पितळातल्या गोळ्या चालू होत्या, पण त्यांनी तिचं पोट बिघडे. तिची मुलगी, माझी भाची, नर्सिंग कॉलेजात शिकते. त्या वर्षी तिला 'संशोधन पद्धती' हा विषय होता आणि त्यात एक छोटा अभ्यास करायचा होता.

"मामा, तू नुसती टिंगल करतोस," ती माझ्या काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली. "मी मोजणार."

"काय मोजणार? बाबांची फुंकर?"

"दुखणं! आत जाताना दहापैकी किती आणि आठवड्याने किती. आकडा खोटं बोलत नाही."

"आकडा बोलतच नाही ग बाई, आपण त्याच्या तोंडून बोलतो."

पण तिने मनावर घेतलं होतं. रांगेत फिरली, आठवड्याने सगळ्यांना फोन केले. जवळजवळ सगळ्यांचं दुखणं खाली आलं होतं, काहींचं निम्म्यावर. पोरगी नाचत आली. ती बातमी तिने आधी आईला सांगितली आणि शिष्टाचार म्हणून अहवालाची एक प्रत बाबांनाही नेऊन दिली. दोन्हीकडे तिचा शब्द वाया गेला नाही. ताईने गोळ्या बंद केल्या आणि ती फुंकरीवर विसंबली. बाबांनी दारावर पाटी लावली: 'नर्सिंग कॉलेजच्या संशोधनाने सिद्ध', आणि खाली, चांगलं ठळक, माझ्या भाचीचं नाव.

दुसऱ्या दिवशी रांग औषधाच्या दुकानाच्याही पुढे गेली.

कॉलेजात हा विषय शिकवणाऱ्या बाईंना मुली मागून 'कशाच्या-मानाने' म्हणतात. सूर्य उगवला असं जरी सांगितलं तरी त्या विचारतील, कशाच्या मानाने? काही महिन्यांनी, सत्र संपताना, अहवाल वाचून त्यांनी तेवढंच लिहिलं. भाची फुरंगटून माझ्याकडे आली.

"एवढे लोक बरे झाले, आणि बाई म्हणतात, कशाच्या मानाने! म्हणजे काय?"

"म्हणजे फुंकर मिळाली नसती तर त्यांचं काय झालं असतं, असं असेल," मी म्हणालो.

"ते कसं कळणार? ज्यांना मिळाली त्यांना मिळाली."

तेवढ्यात समोरचं दार बंद झालं. उरलेले लोक नेहमीसारखे कुरकुरत पायऱ्या उतरू लागले. त्यांच्यातले दोघे माझ्या दुकानाशी पाणी प्यायला थांबले. भाची त्यांच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"मामा, ही माणसं पण शिगेला पोचूनच आली होती ना?"

"नियमच आहे."

"आणि यांना कुणी विचारलंच नाही."

ती उठली आणि परत जाणाऱ्यांच्या मागे धावली. पुढचे काही दिवस दुपारी दार बंद झालं की ती त्यांना गाठे, दुखणं दहापैकी किती ते विचारी, आठवड्याने फोन करी. शेवटचा फोन झाल्यावर ती माझ्या स्टुलावर डोळे पुसत बसली होती.

"सारखंच, मामा. फुंकर मिळालेल्यांचं जेवढं उतरलं, जवळजवळ तेवढंच न मिळालेल्यांचं. झोका वर गेला की खाली येणारच. बाबा फक्त वर गेलेलाच झोका बोलावतात, आणि तो खाली आला की म्हणतात, मी आणला."

"मग रडतेस का? जिंकलीस की!"

"आईच्या गोळ्या, मामा. पुन्हा सुरू कर म्हणून घरी तीनदा सांगितलं, ती ऐकत नाही. म्हणते, तुझंच नाव तिथे पाटीवर लागलंय."

दुसऱ्या सकाळी शटर उघडलं तर रांगेत ताई उभी होती. बोटं इतकी सुजलेली की पिशवी तिने कोपराला अडकवली होती. भाची रांगेपाशी गेली. पोरगी कधी वर्गातसुद्धा मोठ्याने बोलली नसेल.

"पाटीवर जिचं नाव आहे ती मी," ती म्हणाली. "मला एक विचारायचंय. तुमच्यापैकी कितीजण याआधी दार बंद झालं म्हणून परत गेले होते?"

बरेच हात वर झाले.

"घरी गेल्यावर आठवड्याभरात कुणाकुणाचं दुखणं उतरलं?"

हात घुटमळले. पण बहुतेक वरच राहिले. एका रिक्षावाल्याने स्वतःच्याच हाताकडे संशयाने पाहिलं.

"मग तुम्हाला फुंकर कुणी घातली?"

रांगेत कुणीतरी हसलं. रिक्षावाला म्हणाला, "मला वाटलं, दारापर्यंत आल्याचाच गुण असेल."

एव्हाना बाबा दारात आले होते. माणूस हुशार. त्यांनी तो शब्द वरच्यावर झेलला. "बघा! ऐका! माझी कंपनं दारापर्यंत पोचतात. पोरीने आज दुसऱ्यांदा सिद्ध केलं!"

रांगेने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, संपलं. भाची मात्र मागे सरली नाही.

"मग ती कुठपर्यंत पोचत नाहीत ते सांगा."

"म्हणजे?"

"कोपऱ्यापर्यंत? पुढच्या गल्लीपर्यंत? काय घडलं तर तुम्ही म्हणाल की फुंकर लागू पडत नाही? ते आत्ता, आधी सांगा. मग आपण बघू."

"तसं काही घडूच शकत नाही," बाबा छाती काढून म्हणाले. "बरा झाला तर माझी फुंकर. नाही झाला तर त्याचा विश्वास कमी."

आता मात्र मला राहवलं नाही. "बाबा, ज्या हिशेबात तोट्याला रकानाच नाही, त्याला आम्ही दुकानदार हिशेब म्हणत नाही. लोकहो, पैसे द्यायच्या आधी असा हिशेब तुम्ही कुणाकडून चालवून घ्याल का?"

"माझ्याकडे आलेले बरे झाले की नाही?" बाबांनी आवाज चढवला.

"झाले," भाची म्हणाली. "फुंकर न मिळालेलेही झाले. आणि ज्यांचं वाढलं ते परत सांगायला आले नाहीत. आणि फुंकर न मिळालेल्यांना मीही आधी विचारलं नव्हतं. माझा पहिला कागद चुकीचा आहे. ती पाटी काढा."

मग ती आईकडे वळली. ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "तूच सांगितलंस ना ग? मी माझ्या मनाने नाही सोडल्या गोळ्या."

"हो आई. मीच सांगितलं."

एवढंच. मायलेकी इस्पितळाच्या दिशेने चालू लागल्या, पिशवी लेकीच्या हातात. रिक्षावाला रांगेतून बाहेर पडला आणि त्यांना सोडायला गेला. आणखी काही जण पांगले. बाकीचे उभेच राहिले, आणि दुपारी दार बंद होईपर्यंत आत जात राहिले. पुढच्या महिन्यात बाबांनी जागा बदलली. पाटी सोबत गेली. ती उतरवायला कॉलेजाने पत्र पाठवलंय. अजून उतरलेली नाही.

इस्पितळात मीही होतो. पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरीणबाईंनी ताईची बोटं उलटसुलट पाहिली. सूज उतरेल म्हणाल्या. उजव्या हाताची दोन बोटं मात्र आतून झिजून वाकली होती. ती आता सरळ व्हायची नाहीत. मग त्यांनी त्याच गोळ्या पुन्हा लिहिल्या, पोटासाठी आणखी एक.

ताईने चिठ्ठी हातात घेतली नाही. "डॉक्टर, या घेऊन बरं वाटतं म्हणता. ज्यांना नाही दिल्या त्यांचं काय झालं?"

मला वाटलं बाई चिडतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. सारख्याच आजाराच्या लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग कसे केले, एका भागाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी कशी दिली, कुणाची बोटं किती वाकली, आणि कोणता निकाल लागला असता तर ही गोळी मोडीत निघाली असती, सगळं सांगितलं. कुणाकुणाला तिचा त्रास होतो तेही लपवलं नाही. ताईने ऐकून घेतलं आणि मग चिठ्ठी घेतली.

वाचकहो, पांढरा कोट दोघांच्याही अंगात होता. म्हणून कोटाकडे बघू नका; ताईने विचारला तो प्रश्न विचारा, आणि तुमच्या घरच्या, शिकलेल्या, लाडक्या माणसालाही विचारा. बरे झालेले दाखवणारा कुणीही भेटतो. तुम्ही मात्र दारातून परत गेलेल्यांचा पत्ता मागा.

ताई आता कात्री डाव्या हाताने धरायला शिकते आहे. कापड अजून वाकडं कापलं जातं. लेक समोर बसून कापडाचं दुसरं टोक ताणून धरते, आणि दोघी त्याविषयी काही बोलत नाहीत.