मामांनी घेतलेली बॅग

मी बॅग बोलतेय. निळी, चार चाकांची, त्यातलं एक कायम रुसलेलं. आमच्या आक्रा शहरातल्या बाजारात एफुआच्या मामांनी माझी चेन पुन्हापुन्हा ओढून पाहिली, दुकानदाराशी हुज्जत घातली आणि मला घरी आणलं. त्यांनीच वाढवलेली भाची पीएच.डी.ला अमेरिकेत निघाली होती.

विद्यापीठाने जानेवारीत बोलावलं होतं, पण मामा ऐकेनात. "नवं वर्ष चर्चमध्ये उजाडलं पाहिजे, विमानात लटकत नाही! तीस डिसेंबरलाच पोच." आम्ही पोचलो. त्या तारखेची विमानतळाची चिठ्ठी अजून माझ्या मुठीला चिकटून आहे.

मग वर्षानुवर्षं मी पलंगाखाली. घेताना माणसं किती पारखतात, नंतर नावही काढत नाहीत.

यंदा मे महिन्यात मामा गेले. आमच्यात घाईने पुरत नाहीत. भाचीसाठी त्यांना शवागारात ठेवलं, ऑगस्टमधला शनिवार ठरला. एफुआने शिवून घेतलेला शोकाचा काळा-लाल पोशाख माझ्यात ठेवला. जुलैचा पगार आला की तिकीट काढायचं होतं.

पगार आला तो कातरूनच. तिच्या गावचा क्वेकू इथेच हिशेबशास्त्र शिकतो, त्याने उलगडून सांगितलं.

"परदेशी विद्यार्थ्याला पेन्शनचा कर पाच वर्षं माफ. डिसेंबरचे तुझे दोन दिवसही आख्खं वर्ष धरले. म्हणून माफी एक वर्ष आधीच संपली, यंदापासून तू इथली रहिवासी."

"पण मी विद्यार्थिनीच आहे ना?"

"वर्ग चालू असतात तेव्हा सूट आहे. उन्हाळ्यात तू नुसती कामावर. मे-जूनचं कापायचं विसरले होते, तेही एकदम कापलंय."

"म्हणजे मी इथली झाले?"

"करापुरती गं. व्हिसा तोच!"

एफुआने उरलेले पैसे मोजले, तिकिटाला पुरत नव्हते. क्वेकूने खिसे चाचपले. त्याचाही पगार तसाच कापला होता.

त्या शनिवारी तिने पोशाख घातला, फोन माझ्या पाठीला टेकवला आणि जमिनीवर बसून त्यावरच अंत्यविधी पाहत मामांना निरोप दिला. शेवटी मामी फोनवर आल्या. "पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस. तू नव्या वर्षाच्या प्रार्थनेला वेळेत पोचलीस, हे ते शेवटपर्यंत कौतुकाने सांगायचे."

"हो मामी," एवढंच ती म्हणाली.

आता मी पुन्हा पलंगाखाली, रिकामी. माझं एकच मागणं आहे. माझ्या मुठीवरची ती चिठ्ठी कुणीतरी काढून टाका. एफुआच्याने ते होत नाही, आणि मला हात नाहीत.