काचेआडची नावं

मी विवाह नोंदणी कार्यालयातली काचेची पेटी बोलतेय. नोंदणी पद्धतीनं लग्न करणाऱ्यांची नावं, पत्ते, फोटो माझ्यात तीस दिवस लावून ठेवतात. कुणाची हरकत असेल तर त्यानं ती सांगावी, असा कायदा आहे. पण माझ्यापुढे उभे राहणारे बहुतेक जण आडनावं वाचून जात शोधतात.

भाग्यश्री आणि संघपालची नोटीस लागली, तेव्हा तिचे काका बद्रीनाथ आले. सदाशिव पेठेतल्या एका लॅबमध्ये ते रक्त तपासायचे. संघपालचं आडनाव वाचलं आणि ते माझ्या काचेवर थुंकले. तेव्हापासून मी त्यांच्यावर डूख धरला.

पुढच्या खेपेला ती दोघंही कार्यालयात होती. काका सगळ्यांदेखत ओरडले, "याला एचआयव्ही आहे! मी लॅबमध्ये याचा रिपोर्ट स्वतः बघितलाय. माझी हरकत लिहून घ्या!"

रांगेतली माणसं मागे सरकली. संघपालनं मान खाली घातली.

"मला माहितीये, काका," भाग्यश्री म्हणाली. "त्यानंच आधी सांगितलं. डॉक्टरांकडे आम्ही एकत्र जातो, औषधं चालू आहेत. तुम्हाला कुणी विचारलं?"

अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या, "ही हरकत कायद्यात बसत नाही. पण रुग्णाची माहिती अशी फोडायलाही कायद्यानं मनाई आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच."

बातमी मात्र पसरली. लग्नाच्या दिवशी ती दोघं माझ्याखालच्या बाकावर बसली होती, तेव्हा मला सगळं कळलं. कोथरूडच्या घरमालकानं संघपालला खोली सोडायला लावली होती. कंपनीत त्याच्या शेजारी डबा खायला कुणी बसत नव्हतं. तो म्हणत होता, "जाऊ दे, सोड ना." पण भाग्यश्रीनं काकांविरुद्ध आधीच तक्रार केली होती. रांगेतले दोघे साक्षीला तयार झाले होते. लॅबनं काकांना काढून टाकलं होतं.

इतक्यात काकाच दारात आले. "बाळ, तक्रार मागे घे गं. या वयात मला कोण नोकरी देणार?"

भाग्यश्रीनं हातातला हार सारखा केला. "अहो काका, अर्ज करा. तीस दिवस भिंतीवर लावू. कुणाची हरकत आली नाही, तर बघू."

मी मनातल्या मनात पोटभर हसले. मला त्यांची जराही दया आली नाही. संघपाल मात्र हसला नाही. त्याची खोली गेली ती गेलीच.

आज माझ्यात नवी नावं लागली आहेत. समोर एक जण आडनावं वाचून, चार जणांना पाठवायला मोबाईलवर त्यांचा फोटो घेतोय. वाचकहो, मला उतरवून भंगारात द्या, मी आनंदानं जाईन. तेवढं जमणार नसेल, तर या फोटो काढणाऱ्याच्या घरात एक तरी भाग्यश्री निघो!