दुखणं सांगणारं पान

मी एक वेबसाइट बोलतेय. घाबरू नका, काही विकायला आलेले नाही.

कोलकात्यात, बागबाजारात, लीलाबाईंनी मला सुरू केलं. त्यांचा जन्म इथलाच, मराठी घरातला; हयात शाळेत शिकवण्यात गेलेली. बदलीवर आलेल्या मराठी घरांतली म्हातारी माणसं दवाखान्यात नुसती गप्प बसून राहतात, हे त्यांना बघवेना. म्हणून ठणका, चमक, रग, कसकस, एकेक दुखणं बंगालीत कसं सांगायचं आणि त्यावर काय करायचं, हे ओळखीच्या नर्सला विचारून विचारून त्यांनी लिहिलं. एका बोटाने टाइप करत. एका पानाला दोन महिने लागले. मला केवढा अभिमान होता त्या पानाचा!

मग त्यांच्या मुलाने, सिद्धेशने, मला हातात घेतलं. मायलेक आपसांत बंगालीतच बोलत.

"आई, एका पानाने सर्चमध्ये कुणी वर येत नाही. रोज पाच लेख हवेत."

लेख यंत्राकडून लिहून यायला लागले. मीही हुरळले, खोटं कशाला बोलू? चार महिने नुसती झुंबड. मग लोक आल्या पावली परतू लागले आणि सर्चने मला पार मागे ढकललं.

सिद्धेशने साफसफाई काढली. कमी वाचली जाणारी पानं उडवायची. आईचं पान महिन्याला आठ जण वाचत.

"अरे, आठच येतात, पण दवाखान्यातून येतात," लीलाबाई म्हणाल्या.

"आई, तुला यातलं कळत नाही."

पान गेलं. त्याची प्रत कुणीच ठेवली नव्हती.

गेल्या आठवड्यात लीलाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. जन्मभर बोललेलं बंगाली पुसलं गेलं, उरलं फक्त लहानपणीचं मराठी. आज डमडमच्या नर्सिंग होममध्ये सकाळपासून त्या एकच सांगताहेत, "रग लागलीय रे."

"मासीमा की बोलछेन?" नर्स विचारते, मावशी काय म्हणताहेत म्हणून.

सिद्धेशला सांगता येत नाही. त्याचं मराठी जेवायला वाढण्यापुरतं. तो मला उघडतो, 'रग' लिहितो. मी त्याच्यापुढे चाळीस लेख ओतते. भरपूर पाणी प्या. ताजी फळं खा. प्रसन्न राहा. तो वाचत सुटलाय, डोळे भरून आलेत.

त्या पानावर 'रग'च्या बंगाली शब्दाखाली एवढंच होतं: एका कुशीवर पडून अंग अवघडतं, माणसाला दुसऱ्या कुशीवर वळवा.

सिद्धेश, माझ्यात ते नाही रे आता. मला खाली ठेव. आईच्या पाठीखाली हात घाल.